विषम भिडूंचा समतोल

वेरूळच्या २१ व्या लेण्यात शिव आणि पार्वती फाशांचा खेळ खेळत असल्याचे शिल्प आहे. बैठ्या खेळांची आपली परंपरा किती जुनी आहे, याचा हा दगडात कोरलेला पुरावाच म्हणायचा. पुढे याच परिसरात, १८७१ साली, औरंगाबादच्या हरिकृष्ण शर्मा यांनी 'क्रीडाकौशल्य' हा संस्कृत ग्रंथ लिहून अशा खेळांची माहिती एकत्र केली. म्हणजे खेळ हा विषय गंभीरपणे अभ्यासावा असे आपल्याकडच्या विद्वानांनाही वाटत होते.

सारीपाट किंवा बुद्धिबळ या खेळांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांत सर्व बाजूंना सारखेच मिळते. सोंगट्या सारख्या, पट सारखा, नियमही तेच. त्यामुळे हार झाली तर दोष फाशांना द्यावा किंवा स्वतःच्या डोक्याला. खेळच अन्यायाचा आहे अशी तक्रार करायला फारशी जागा नसते. पण ज्या खेळात भिडू मुळातच वेगवेगळे असतात, एकाजवळ बळ, दुसऱ्याजवळ विद्या, तिसऱ्याजवळ चपळाई, तिथे खेळ न्याय्य आहे हे कसे ठरवायचे? आणि खेळ पुढे सरकेल तसतसे हे भिडू वेगवेगळ्या वेगाने वाढू लागले तर?

हा प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटेल. परंतु वर्गात चार मुलांचा एक गट करून त्यांना प्रकल्प देणाऱ्या प्रत्येक शिक्षकासमोर हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. म्हणून या लेखात आपण खेळांच्या वाटेने त्याच्याकडे जाऊ.

वाघ आणि बकऱ्या

सुरुवात ओळखीच्या खेळाने करू. वाघ-बकरी, कुठे वाघ-शेळी, अशा नावांनी हा खेळ आपल्याकडे ओट्यांवर आणि अंगणात खेळला जातो. वाघ आणि बकऱ्या किती असाव्यात, पट कसा असावा, हे प्रदेशाप्रमाणे बदलते. तमिळनाडूत त्रिकोणी पटावर ३ वाघ आणि १५ बकऱ्या असतात. नेपाळात चौकोनी पटावर ४ वाघ आणि २० बकऱ्या. आपण हा दुसरा प्रकार घेऊ.

जमिनीवर खडूने ५ आडव्या आणि ५ उभ्या रेषा काढल्या, की २५ बिंदू मिळतात. मग मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण काढावेत आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू तिरक्या रेषांनी जोडावेत. पट तयार झाला. चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. बकऱ्या एकेक करून रिकाम्या बिंदूंवर मांडायच्या आणि सगळ्या २० मांडून होईपर्यंत एकही हलवायची नाही. वाघ रेषेवरून एक घर सरकतो, किंवा शेजारच्या बकरीवरून सरळ उडी मारून पलीकडच्या रिकाम्या घरात जातो आणि ती बकरी खातो. बकरीला कोणालाच मारता येत नाही. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. चारही वाघांची हालचाल बंद झाली की बकऱ्या जिंकल्या.

पाहा, दोन्ही बाजूंत काहीच सारखे नाही. संख्या वेगळी, चाल वेगळी, जिंकण्याची अटसुद्धा वेगळी. तरी खेळ एकतर्फी होत नाही. सिंगापूरचे लिम यू जिन आणि झुरिकचे युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी या खेळाचा संगणकाच्या मदतीने कसून छडा लावला. दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो, असा त्यांचा निष्कर्ष २००९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पिढ्यान्‌पिढ्या खेळणाऱ्यांनी संगणकाशिवाय, केवळ खेळून खेळून, हा तोल शोधला होता.

तो कसा शोधला असेल? उत्तर सोपे आहे. वाघ सतत जिंकू लागले तर बकऱ्या वाढवायच्या. बकऱ्या जिंकू लागल्या तर कमी करायच्या. बकऱ्यांची संख्या ही इथे तराजूच्या पारड्यात टाकायच्या वजनासारखी आहे. आणि तोल साधला की नाही हे तपासायची कसोटीही स्वच्छ आहे: शेवटी कोण जिंकले?

समोरासमोरच्या खेळात ही कसोटी पुरते. पण भिडू एकाच बाजूला असतील तर? तिथे जिंकले तर सगळे जिंकतात, हरले तर सगळे हरतात. मग तोल कशाचा मोजायचा? हा प्रश्न ज्या खेळाने सर्वांत ठळकपणे पुढे आणला, त्याच्याकडे आता वळू.

सराईतली मंडळी

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. मेजाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा हा खेळ. त्यातले फासे निरनिराळे असतात. सर्वांत महत्त्वाचा फासा २० बाजूंचा. असे खेळ पुढे पुष्कळ निघाले. त्यांना आपण भूमिका-खेळ म्हणू.

भूमिका-खेळ म्हणजे काय हे एका उदाहरणाने पाहू. अजिंठ्याच्या लेण्यांजवळच्या फर्दापूर गावात मोगलकालीन सराई आहे. कल्पना करा, त्या काळातील एका पावसाळी संध्याकाळी या सराईत चार अनोळखी वाटसरू एकत्र आले आहेत: एक लढवय्या, एक मांत्रिक, एक देवाचा उपासक आणि एक चोर. वाघूर नदीच्या वळणावरच्या उंच कड्यात एक बंद दालन आहे, त्यात एक चोरलेली पोथी आहे आणि पोथीवर एका राक्षसाचा पहारा आहे. पोथी परत आणायची आहे.

चार खेळाडू ही चार पात्रे चालवतात. पाचवा माणूस सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, राक्षसाच्या वतीने फासे टाकतो आणि विचारतो, "नदीला पूर आला आहे. तुम्ही काय करता?" खेळाडू उत्तर देतात. काम अवघड असेल तर फासा टाकून निकाल लागतो. कथा अशी पुढे सरकते. कोणी कोणाला हरवायचे नसते; सगळ्यांनी मिळून मोहीम पार पाडायची असते.

लढवय्या, मांत्रिक, उपासक, चोर यांना आपण पात्रांचे पेशे म्हणू. प्रत्येक मोहिमेनंतर पात्राला अनुभवाचे गुण मिळतात आणि ते वरच्या पायरीवर जाते, जसे मूल वरच्या इयत्तेत जाते तसे. सध्याच्या नियमांत अशा २० पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर खेळ छान रंगतो, पण वरच्या पायऱ्यांवर एक विचित्र गोष्ट घडते: मांत्रिक सगळे काही करू लागतो आणि लढवय्याचा खेळाडू बघत बसतो. हे का घडते याचे कारण गणितात आहे.

बेरीज आणि गुणाकार

लढवय्या पायरीगणिक थोडा अधिक बळकट होतो. त्याचा वार थोडा अधिक अचूक बसतो, अंगावर थोडे अधिक घाव सोसता येतात. ही बेरजेची वाढ झाली.

मांत्रिकाचे तसे नाही. वरची पायरी चढली की त्याला दिवसातून अधिक वेळा मंत्र म्हणता येतात, आणि शिवाय ते मंत्र अधिक प्रभावी असतात. जुन्या नियमांत अग्निगोलकाच्या मंत्राची हानी मोजताना मांत्रिकाच्या पायरीइतके सहा बाजूंचे फासे टाकत. एका फाशाची सरासरी ३.५. म्हणजे ५ व्या पायरीवर सरासरी १७.५ आणि १० व्या पायरीवर ३५. दरम्यान मंत्रांची संख्याही वाढलेली. दोन्ही गोष्टी पायरीच्या प्रमाणात वाढल्या, तर त्यांचा गुणाकार पायरीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणार.

पायरीला 'प' म्हणू. समजा, लढवय्याचे सामर्थ्य ८ × प आणि मांत्रिकाचे प × प आहे. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) पहिल्या पायरीवर लढवय्या ८, मांत्रिक १. चौथ्या पायरीवर ३२ आणि १६. आठव्या पायरीवर दोघेही ६४. बाराव्या पायरीवर ९६ आणि १४४. विसाव्या पायरीवर १६० आणि ४००. फळ्यावर दोन्ही आलेख काढून दाखवावेत: एक सरळ रेषा, दुसरा वर वळत जाणारा परवलय. दोन्ही एकदाच छेदतात आणि त्यानंतर त्यांच्यातले अंतर वाढतच जाते. इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंमध्ये या गोष्टीसाठी एक म्हणच पडली आहे. तिचा आशय असा, की लढवय्या रेषेने वाढतो आणि मांत्रिक वर्गाने.

इथे आणखी एक गुणक आहे. लढवय्याचा एक वार एकाच शत्रूवर पडतो. अग्निगोलक २० फूट त्रिज्येतल्या सर्वांना भाजतो. २०१४ च्या नियमांनुसार ११ व्या पायरीवरचा बलवान लढवय्या एका फेरीत तीन वार करतो. मोठ्या तलवारीचा वार सरासरी १२ हानी करतो, म्हणजे तिन्ही लागले तर ३६. त्याच नियमांत साध्या अग्निगोलकाची सरासरी हानी २८. एकच शत्रू असेल तर लढवय्या सरस. पण पाच शत्रू घोळक्याने उभे असतील आणि त्यांतला कोणीही अंग चोरून वाचला नाही, तर मांत्रिकाची बेरीज १४० होते.

तोल साधण्याचे प्रयत्न

खेळाच्या कर्त्यांना हे दिसत नव्हते असे नाही. गेल्या पन्नास वर्षांत त्यांनी निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांचा इतिहास म्हणजे एक लांबलेला प्रयोगच आहे.

पहिला उपाय काळावर सोपवलेला होता. सुरुवातीचा मांत्रिक अत्यंत दुबळा ठेवला होता. पहिल्या पायरीवर त्याला दिवसातून एकच मंत्र म्हणता येई आणि एखाद्या जोरदार फटक्याने तो मरत असे. कल्पना अशी, की आज लढवय्याने मांत्रिकाला जपावे, उद्या मांत्रिक त्याची परतफेड करील. सरासरी काढली तर हिशेब बरोबर बसतो. पण नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे म्हणून ती पायी ओलांडायला निघालेल्या माणसाचे काय होते, हे आपण जाणतो. पहिल्या वर्षी एक खेळाडू कंटाळणार आणि तिसऱ्या वर्षी दुसरा. कुठल्याही एका संध्याकाळी तोल नाहीच.

दुसरा उपाय वेगवेगळ्या शुल्काचा. १९८९ च्या आवृत्तीत दुसऱ्या पायरीवर जायला चोराला १,२५०, लढवय्याला २,००० आणि मांत्रिकाला २,५०० अनुभवगुण लागत. ज्याची ताकद जास्त त्याने अधिक मोजावे, हे तर्काला धरून होते. गंमत अशी, की वरच्या पायऱ्यांवर हे कोष्टक उलटते. दहाव्या पायरीला लढवय्याला ५,००,००० गुण लागत आणि मांत्रिकाला केवळ २,५०,०००. जिथे लगाम हवा तिथेच तो सैल पडला होता. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व पेशांना एकच कोष्टक लागू केले आणि हा लगाम काढूनच टाकला.

तिसरा उपाय कमाल मर्यादेचा. १९८९ च्याच आवृत्तीत अग्निगोलकाचे फासे जास्तीत जास्त दहा, असे ठरले. वर वळणारा आलेख एका उंचीनंतर आडवा केला. याने मंत्राची हानी आटोक्यात आली. पण मांत्रिकाला नवनवे मंत्र मिळतच राहिले.

चौथा उपाय सर्वांत धाडसी. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत सर्व पेशांची रचनाच एकसारखी केली. प्रत्येकाला काही करामती हव्या तेव्हा वापरता येत, काही एका लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. लढवय्याच्या करामतींना डावपेच म्हणायचे आणि मांत्रिकाच्या करामतींना मंत्र, एवढाच काय तो फरक, असे टीकाकार म्हणू लागले. आकड्यांचा तोल साधला, पण अनेक खेळाडूंना सगळे पेशे एकाच छापाचे वाटू लागले. वाघाला आणि बकरीला एकच चाल देऊन खेळ न्याय्य करता येईल. पण मग ती वाघ-बकरी उरणार नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग धरला. पेशे पुन्हा वेगळे झाले, परंतु मांत्रिकावर काही नवी बंधने आली. अनेक मंत्रांना आता सतत एकाग्रता लागते आणि एका वेळी अशा एकाच मंत्रावर एकाग्र राहता येते. पूर्वी मांत्रिक उडत असे, अदृश्य होत असे आणि भोवती कवचही उभे करी, सारे एकाच वेळी, ते थांबले. वरच्या मंत्रांची संख्याही आवळली गेली: २० व्या पायरीवर मांत्रिकाला दिवसातून एकूण २२ मंत्र म्हणता येतात, पण त्यांतला सर्वोच्च, नवव्या श्रेणीचा, फक्त एक. २०२४ मध्ये या नियमांची सुधारित पुस्तके निघू लागली. म्हणजे हा प्रयोग अजून चालूच आहे.

दिवस किती लांब?

मंत्र मोजून मिळतात आणि झोप घेतली की पुन्हा भरतात. तलवार मात्र कधी संपत नाही. त्यामुळे दोघांतला तोल नियमपुस्तकाइतकाच सूत्रधाराच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो.

११ व्या पायरीवरच्या मांत्रिकाला दिवसाला १६ मंत्र म्हणता येतात. लढाई चार फेऱ्यांची धरू आणि बारीकसारीक सवलती बाजूला ठेवू. दिवसात एकच लढाई झाली, तर मांत्रिक चारही फेऱ्यांत आपले सर्वांत जबर मंत्र वापरून निवांत झोपी जाईल. २०१४ च्या सूत्रधारांच्या पुस्तकात मात्र दिवसाला सहा ते आठ लढायांचा हिशेब धरला होता. आठ लढाया म्हणजे ३२ फेऱ्या. मंत्र १६. उरलेल्या १६ फेऱ्यांत मांत्रिकाला साध्या ठिणगीवर भागवावे लागते. तिची सरासरी हानी या पायरीवर १६.५. लढवय्या मात्र बत्तीसही फेऱ्या तीन-तीन वार करीत राहतो. तेच दोघे, तेच नियम. दिवस लांबला की पारडे दुसरीकडे झुकते.

शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. एक तासाची परीक्षा आणि वर्षभराची वही, ही दोन मोजमापे एकाच वर्गातल्या मुलांचा क्रम वेगळा लावतात.

भिडू नसता तर?

आतापर्यंत आपण हानीचे आकडे मोजले. पण फर्दापूरच्या मंडळींची मोहीम आठवा. वाघूरला पूर आहे. कडा सुमारे ७५ मीटर उंच आहे. दालनाचे दार बंद आहे. पोथीची लिपी कोणाला येत नाही. या चार अडचणींपैकी एकाही ठिकाणी तलवारीचा उपयोग नाही. मांत्रिकाजवळ मात्र उडण्याचा, दार उघडण्याचा आणि भाषा समजण्याचा मंत्र आहे. वरच्या पायऱ्यांवर तर तो सगळ्यांना क्षणात दालनात नेऊन ठेवील. लढवय्याची हानी दुप्पट केली तरी या अडचणींपुढे तो रिकाम्या हातानेच उभा राहणार. वरच्या पायऱ्यांवरची खरी दरी बळाची नसून पर्यायांची आहे.

मग कोणते माप घ्यावे? १९५३ साली लॉइड शेपली या गणितज्ञाने एक उत्तम कल्पना मांडली. (त्यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.) एकत्र केलेल्या कामात कोणाचा वाटा किती? शेपली म्हणतात, भिडू एकामागून एक येत आहेत असे समजा आणि प्रत्येक जण आल्यामुळे कामात किती भर पडली ते पाहा. येण्याचे सर्व संभाव्य क्रम घेऊन त्या भरीची सरासरी काढा. तोच त्याचा वाटा.

दोघांचे उदाहरण घेऊ. खालच्या पायरीवर लढवय्या एकटा ४ गुणांचे काम करतो, मांत्रिक एकटा ४ गुणांचे आणि दोघे मिळून १० गुणांचे. लढवय्या आधी आला तर त्याची भर ४. मांत्रिकानंतर आला तर १० वजा ४, म्हणजे ६. सरासरी ५. मांत्रिकाचीही ५. तोल आहे.

आता वरची पायरी. लढवय्या एकटा ८, म्हणजे तोही दुप्पट झाला. मांत्रिक एकटा ३२. दोघे मिळून ३४. लढवय्या आधी आला तर त्याची भर ८, नंतर आला तर केवळ २, सरासरी ५. मांत्रिकाची भर आधी आला तर ३२, नंतर आला तर २६, सरासरी २९. लढवय्या दुप्पट बलवान झाला, तरी त्याचा वाटा पाचावरच राहिला, आणि तो ३४ पैकी पाच.

यातला महत्त्वाचा आकडा ८ नव्हे, २ आहे. मांत्रिक आधीच हजर असताना लढवय्याने काय भर घातली, हे तो सांगतो. लढवय्याचे एकट्याचे सामर्थ्य आठावरून सोळा केले, पण दोघांचे मिळून ३४ च राहिले, तर शेपलीच्या हिशेबात त्याचा वाटा ९ दिसेल; मेजावर मात्र काहीच बदलणार नाही, कारण मांत्रिक तर रोजच हजर असतो. वाढवायला हवी ती शेवटची भर: असे काम, जे लढवय्या असला तरच होईल. मंत्र म्हणताना मांत्रिकाला राक्षसापासून वाचवणे, मंत्र चालत नाहीत अशा जागी वाट काढणे, गावच्या पाटलाला किंवा सैनिकांच्या तुकडीला आपल्या शब्दाने उभे करणे. बळ समान करण्यापेक्षा प्रत्येकाची उणीव भासेल अशी रचना करणे, हा विषम भिडूंच्या समतोलाचा अर्थ आहे.

आपल्या कबड्डीच्या संघात हे सहज दिसते. चढाई करणारा आणि कोपरा सांभाळणारा यांत श्रेष्ठ कोण, असा वाद कोणी घालत नाही. नुसत्या चढाया करून सामना जिंकता येत नाही, कारण निम्म्या चढाया समोरचा संघ करीत असतो. खेळाची घडणच अशी आहे, की दोघांशिवाय चालत नाही.

वर्गातला मांत्रिक

आता वर्गाकडे येऊ. चार मुलांच्या गटाला 'आपल्या गावातील पाणी' असा प्रकल्प दिला. गटात एक हुशार मुलगी आहे. ती वाचते, लिहिते, आकृत्या काढते आणि सादरही करते. बाकीचे तिघे पुठ्ठा कापतात. प्रकल्प उत्तम होतो, गटाला बक्षीस मिळते. मोहीम फत्ते झाली, पण तिघांचे खेळणे झालेच नाही. पुठ्ठा त्या मुलीनेही कापला असता; शेपलीच्या भाषेत त्या तिघांची शेवटची भर शून्याजवळ आहे. मुलांना हा हिशेब मांडता येत नसला, तरी तो बरोबर कळतो. आपल्यावाचून काही अडत नाही हे ज्याला पहिलीपासून दहावीपर्यंत कळत राहिले, तो शिकण्यातून मनाने केव्हाच उठून गेलेला असतो.

यावर खेळाच्या कर्त्यांनी केलेले सर्व उपाय शाळेतही होतात. हुशार मुलीला गप्प बसवणे ही कमाल मर्यादा झाली. सर्वांना एकच काम समान वाटून देणे ही चौथी आवृत्ती झाली. 'पुढच्या वर्षी तुझी पाळी' हा सरासरीचा तोल झाला. या सगळ्यांपेक्षा कामाची घडण बदलणे अधिक उपयोगी. १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी असाच मार्ग काढला. तिथल्या शाळांत निरनिराळ्या वंशांची मुले नव्याने एकत्र आली होती आणि त्यांच्यात तेढ होती. त्यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. प्रत्येकाने आपला भाग समजून घेऊन इतरांना शिकवायचा. कोणाही एकाजवळ पूर्ण धडा नसल्याने प्रत्येकाचे म्हणणे ऐकावेच लागे.

पाण्याच्या प्रकल्पातही हे करता येईल. एकाने विहिरींची खोली मोजून आणायची, दुसऱ्याने वडीलधाऱ्यांकडून जुन्या दुष्काळांच्या आठवणी गोळा करायच्या, तिसऱ्याने पावसाची नोंद मिळवायची, आणि निष्कर्ष असा मागायचा, की जो या तिन्हींशिवाय काढताच येणार नाही. शेताच्या बांधावर वाढलेल्या मुलाला जमिनीचा उतार पाहून पाणी कुठे मुरते ते सांगता येते. पुस्तकातल्या हुशारीला ते येत नाही. अशा माहितीची गरज पडेल असा प्रश्न शोधणे हे शिक्षकाचे, म्हणजे सूत्रधाराचे काम.

एक करून पाहण्याजोगा प्रयोग

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना वाघ-बकरीचा पट आखून द्यावा. आधी २० बकऱ्यांनी, मग १८ आणि मग १६ बकऱ्यांनी खेळायला सांगावे. प्रत्येक जोडीने बाजू बदलून खेळावे, म्हणजे एका खेळाडूचे कौशल्य निकालात शिरणार नाही. किती डाव वाघ जिंकले याची नोंद करून बकऱ्यांची संख्या आणि निकाल यांचा आलेख काढावा.

इथे एक सावधगिरी शिकवण्याजोगी आहे. बरोबरीचे डाव वगळून दहा डावांत वाघ ६ आणि बकऱ्या ४ वेळा जिंकल्या, तर वाघांची बाजू वरचढ म्हणता येईल का? मुळीच नाही. पूर्ण समतोल खेळातही दहा डावांत नेमके ५-५ येण्याची शक्यता १०२४ पैकी २५२, म्हणजे सुमारे २५ टक्केच असते. ८-२ किंवा त्याहून एकतर्फी निकालही सुमारे ११ टक्के वेळा केवळ योगायोगाने येतो. ९-१ आला तर मात्र संशयाला जागा आहे. ती शक्यता सुमारे २ टक्के. म्हणून सगळ्या जोड्यांचे डाव एकत्र करून मगच निष्कर्ष काढावा. तोल बिघडला आहे असे म्हणण्यापूर्वी पुरेशी वजने करून पाहावीत, हा धडा खेळापुरताच नाही.

गटकार्यासाठी मात्र इतक्या मोजणीची गरज नाही. प्रकल्प संपला, की शिक्षकाने यादी समोर घेऊन प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा: हे मूल त्या आठवड्यात गैरहजर असते, तर गटाचे नेमके काय अडले असते? ज्या नावापुढे उत्तर सुचणार नाही, त्या मुलाला पुढच्या वेळी अधिक काम देऊन भागणार नाही. पुढचा प्रकल्पच असा बेतावा लागेल, की त्याची वाट पाहावी लागेल.